टुटूची टोपी

दिनांक १० जानेवारी १९७८, मंगळवार. ठिकाण : वरठी, आमच्या घराचं मागचं अंगण. हजर : मी, सासूबाई, शेवंताबाई, नितीन (वय दहा महिने) आणि एक दुधी भोपळा. गैरहजर : हे, कारखान्यात पहिली पाळी.

ही नोंद माझ्या वहीत जशीच्या तशी आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. रोज हजेरी घेऊन घेऊन अशी सवय लागली आहे की, घरात चार माणसं जमली तरी मी मनातल्या मनात पट भरते. कामांची यादी सकाळी करायची, झालेल्या कामापुढे खूण करायची आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवसाच्या यादीत पहिल्या नंबरावर घ्यायचं, हा माझा नेम. त्या दिवशी पहिल्या नंबरावर होतं : ‘नितीनचा सूट.’

हे काम गेले तीन आठवडे पहिल्याच नंबरावर होतं. फेब्रुवारीअखेर नागपूरला माझ्या दिराचं लग्न होतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी मला मुलगा झाला होता आणि सगळं सासर त्याला पहिल्यांदा एकत्र पाहणार होतं. शिवाय माझी नागपूरची जाऊ. तिचा बंटी नितीनहून चार महिन्यांनी मोठा. दिवाळीला त्याने लाल मखमली सूट घातला होता आणि आमच्या झबल्याकडे बघत जाऊबाई म्हणाल्या होत्या, “वरठीत काय मिळणार म्हणा!” त्या गोड आवाजात म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

मी भंडाऱ्याची सगळी दुकानं पालथी घातली. तुमसरलाही जाऊन आले. मुलींसाठी काय नव्हतं? फुग्याच्या बाह्या, झालरी, जाळी, कमरेला फुलं. मुलगा म्हटलं की दुकानदार एक हात वर करून फळीवरून दोनच वस्तू काढायचा : झबलं आणि चड्डी. “जरा वेगळं दाखवा,” म्हटलं की तीच चड्डी दुसऱ्या रंगात दाखवायचा. एकाने तर मला समजावलं, “मुलगाच तर आहे, त्याला काय सजवायचं?” जणू मुलगा होणं हीच सजावट.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, “शेवंतेले बलाव. स्टेशनाजवळ राह्यते. ते फक्त पोट्ट्याइचेच कपडे शिवते.”

शेवंताबाई आल्या त्या डोक्यावर हाताची शिलाई मशीन घेऊन. पन्नाशीच्या, चणीने लहान, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. लुगड्याच्या पदराला पाच-सहा गाठी. प्रत्येक गाठ म्हणजे एक काम. काम झालं की गाठ सुटायची. माझी वही पाहून त्या म्हणाल्या, “तुमी रेघ मारता, मी गाठ मारते. पन मास्तरीनबाई, वही घरी राह्यते. पदर संगच येते.”

मुलींचे कपडे का शिवत नाही, असं मी विचारलं.

“पोरीचं सारेच शिवतेत. पोट्ट्याचं कोन पाह्यते? त्याले काय हौस नसते?” मग बोटं मोजत म्हणाल्या, “पोट्ट्याच्या कपड्याले तीन गोष्टी पाह्यजेत. काखेत ढील, खाली वाट, आन् पुढून शान. दुकानदार फक्त शान इकते. मंग लेकरू रडते न् माय मनते नजर लागली.”

पोरगं सात वर्षांचं झालं की त्या त्याचं काम बंद करायच्या. “सात सरले का तो मानूस झाला. मानसाचे कपडे शिवाले शिंपी हायत.”

मी टेप पुढे केली. शेवंताबाई अशा मागे सरकल्या, जणू मी त्यांच्या अंगावर पाल टाकली.

“टेप नोका लावू, माय! लेकरू मोजलं का खुंटते.”

“मग माप कसं घेणार?”

“लवकी हाय का घरी?”

सासूबाई काही न विचारता दुधीच्या मांडवाखाली गेल्या. मी अजून उभीच. शेवंताबाईंनी नितीनला उचललं, तळहातावर तोललं, छातीभोवती दोन्ही हातांची कवळ घातली, आणि ती कवळ तशीच्या तशी धरून मांडवाकडे चालत गेल्या. वेलाला लागलेल्या दुध्यांना एकेक करून कवळ लावली. तिसरा जमला.

“हा तुमचा नितीन,” त्या म्हणाल्या.

तोडलेल्या दुध्यावर त्यांनी कोळशाने खुणा केल्या : हा गळा, ही काख, ही कंबर, इथून पाय. मग त्याला खुशाल टेप लावली. मी वहीत लिहिलं : ‘दुधी नग १, शेवंताबाईंकडे. परत येणे.’

तो दुधी रोज संध्याकाळी परत यायचा. लहान मुलाची कुठलीही वस्तू त्या आपल्या घरी रात्रभर ठेवत नसत. कापडाची कातरण, तुटका बंद, उसवलेला दोरासुद्धा पुरचुंडीत बांधून आणून द्यायच्या. “परक्या लेकराची वस्तू आपल्या घरी राह्यली का त्याची वाढ आपल्या घरी अडकते,” हा त्यांचा कायदा. मी विज्ञान शिकवते. पहिल्या दिवशी मी त्यांना हाडं कशी वाढतात ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “बराबर हाय. आता ही चिंधी ठेवून घ्या.”

चौथ्या दिवशी दुपारी त्या बाहीचं माप घ्यायला आल्या. मी शाळेतून नुकतीच आले होते.

“नितीन कोठी हाय?”

“झोपलाय.”

“तो नाई वो, मापाचा.”

आम्ही दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चुलीकडे पाहिलं. चण्याची डाळ घालून भाजी तयार होती.

“चार दिवस झाले होते,” सासूबाई म्हणाल्या, “सुकून जाऊन राह्यला होता बिचारा.”

शेवंताबाईंनी झाकण काढून भांड्यात बराच वेळ पाहिलं. “खांदा तं शिजला, बाप्पा,” त्या म्हणाल्या. मग पाट ओढून बसल्या, भाकरीबरोबर दोनदा भाजी घेतली आणि उठता उठता म्हणाल्या, “चवीले बरा हाय तुमचा नितीन.” मांडवाखालून दुसरा दुधी मिळाला. नितीनच्या वाढीवर काहीही परिणाम झाला नाही, हे नमूद करते.

माप झालं. पण कपडा कोणत्या धर्तीचा? इथे शेवंताबाईंची खरी विद्या कळली. मी शिवणाचं पुस्तक काढून दिलं, तर त्यांनी ते उलटं धरून परत केलं. “चित्रात कपड्याची पाठ दिसत नाई,” म्हणाल्या. “सुलट बाजू दुकानदार दाखवते. शिंप्यानं उलटी पाह्यली पाह्यजे.” आणि कपड्याची उलटी बाजू त्या पाहायच्या ती वरठीच्या फलाटावर, कलकत्त्याकडून येणाऱ्या दुपारच्या मेलवर.

मेल आमच्या स्टेशनावर जेमतेम दोन मिनिटं थांबायची. शेवंताबाई ओच्यात बोरं घेऊन उभ्या राहायच्या. गाडीत लहान मुलगा दिसला की खिडकीशी जाऊन बोर पुढे करायच्या. मुलगा हात बाहेर काढायचा. की बाही दिसली! दुसरं बोर जरा वर धरायचं, की मान वर, गळा दिसला. तिसरं बोर त्या मुलाच्या आईला. तोवर शिटी व्हायची. मग फलाटावरच बसून वर्तमानपत्राच्या कागदावर कोळशाने आकृती काढायच्या. वरठीतले निम्मे मुलगे असे परप्रांतीय बाह्या घालून वाढले आहेत.

लग्न जवळ आलं तेव्हा मी स्वतः बरोबर गेले. त्या आठवड्याची माझी टिपणं अशी : पहिला दिवस, एक बाळ, उघडं. दुसरा दिवस, दोन बाळं, दोन्ही पांघरुणात झोपलेली. तिसरा दिवस, गाडी उशिरा, घरी यायला उशीर, बाळ नाही.

चौथ्या दिवशी टुटू आला.

एक बंगाली बाई डब्याच्या दारात उभी होती. कडेवर नितीनएवढंच बाळ, हातात रिकामी बाटली. आणि त्या बाळाच्या अंगावर तो सूट! पांढराशुभ्र, मागे पाठीवर पडणारी चौकोनी निळी कॉलर, पुढे गाठ, आणि डोक्यावर निळ्या पट्टीची गोल टोपी. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कपड्याकडे बघून श्वास रोखला.

“पानी किधर है?” बाईने विचारलं.

“वो क्या नल!” शेवंताबाईंनी हात पसरले. “लेकरू इधर देव. तुम जाव.”

बाईने आमच्याकडे एकदा पाहिलं. मी हातात वही-पेन घेतलेली, केसांचा नीट अंबाडा, शाळेची पर्स. माझ्यामुळेच विश्वास बसला असावा, हे मला आजही टोचतं. “टुटू, रोना नहीं,” असं म्हणून तिने बाळ शेवंताबाईंच्या हातात दिलं आणि नळाकडे पळाली.

शेवंताबाईंनी टुटूला तत्काळ हातावर पालथा घातला.

“लिवा! कॉलर मांगून चौकोनी, एक वीत. आत अस्तर हाय. काखेत चौकट जोडली हाय, वा रे पठ्ठे! डाव्या कोपराले तिकोनी निळा तुकडा. लिवलं? टोपी धरा वो मधात, दिसून नाई राह्यलं!”

मी टोपी धरली. पेन एका हातात, वही दुसऱ्या हातात, म्हणून टोपी काखेत दाबली. टुटू मजेत होता. त्याला पालथं पडून फलाट बघायला आवडत असावं. शेवंताबाईंनी त्याच्या चड्डीच्या आतली शिवण बाहेर काढली आणि शिटी झाली.

गाडी हलली. नळावरची बाई किंचाळली आणि त्याच डब्याच्या मागच्या दारातून चढली. शेवंताबाई पुढच्या दाराबरोबर पळू लागल्या. त्या दारात एक मिशीवाला फौजी उभा होता. त्यांनी टुटू त्याच्या हातात कोंबला आणि ओरडल्या, “इसकी माय मांगच्या दारात हाय! देऊन देजा, बाबू! मान धरून!” फौजीने दोन्ही हात ताठ करून बाळ धरलं, जसा कोणी पहिल्यांदा दुधी धरतो. मागच्या दारातून आत धावलेली बाई क्षणात त्याच्यापाशी पोचली. तिने टुटूला छातीशी घेतलं आणि आमच्याकडे बघून बंगालीत बरंच काही बोलली. भाषा कळली नाही, अर्थ पोचला.

आम्ही दोघी फलाटाच्या टोकाला धापा टाकत उभ्या होतो. मला हसू आवरेना. शेवंताबाईसुद्धा हसत होत्या. मग त्यांचं लक्ष माझ्या काखेकडे गेलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “टोपी राह्यली.”

गाडी वैनगंगेपासून दूर, नागपूरच्या दिशेला, दिसेनाशी झाली होती. मी म्हटलं, “त्यांना काय, दुसरी टोपी मिळेल.”

“टोपी भेटन वो. वाढ कोठून भेटन?” त्यांनी पदराला गाठ मारली, ओढून घट्ट केली. इतकी घट्ट गाठ मारताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. “ते लेकरू आता अडकलं. आपल्या दोघीच्या पायी.”

मी दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंना घेऊन रीतसर स्टेशनात गेले. बाबू म्हणाला, “वस्तू हरवली का सापडली?” मी म्हटलं, “वस्तू सापडली, मालक हरवला.” तो म्हणाला, असा रकाना नाही. वस्तू जमा करून घेतो, म्हणाला. पण जमा होणारी वस्तू कुठे राहील, असं शेवंताबाईंनी विचारलं तेव्हा त्याने एका अंधाऱ्या कपाटाकडे बोट दाखवलं. शेवंताबाईंनी टोपी उचलली आणि चालू पडल्या. “लेकराची वाढ कपाटात ठेवतेत!” हे वाक्य पुढे आठवडाभर त्या सगळ्या वरठीला ऐकवत होत्या.

सूट मात्र असा झाला की, सासूबाईंनी दृष्ट काढली. कॉलर, गाठ, काखेतली चौकट, सगळं जागच्या जागी. आणि डाव्या कोपरावर तिकोनी निळा तुकडा. तो पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“शेवंताबाई, हे ठिगळ आहे. त्या बाळाचं कोपर फाटलं असेल, म्हणून लावलेलं.”

“एवढं शानदार ठिगळ कोनी लावते का?”

“उजव्या कोपराला नाही ना?”

त्यांनी कोपरावरून बोट फिरवलं. “असन ठिगळ. तरी बरं दिसून राह्यलं का नाई?”

दिसत होतं. मी ते ठेवलं.

लग्नात बंटीला मुंबईहून आणलेला चकचकीत सूट होता. काखेत ढील नव्हती. बिचारा हात पसरून, रडत, शेतातल्या बुजगावण्यासारखा या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. नितीन खिदळत होता. जाऊबाईंनी त्याला उलटापालटा करून पाहिलं आणि कोपरावर बोट ठेवलं. “हे काय गं?”

“नवीन निघालंय. कलकत्त्याचं,” मी म्हटलं. खोटं एक अक्षर नव्हतं.

संध्याकाळी स्वागत समारंभात बंटी आला तेव्हा त्याच्या डाव्या कोपरावर सोनेरी तिकोन टाचलेला होता. तेवढ्यात फोटोसाठी नितीनला नवरदेवाच्या मांडीवर बसवलं आणि नितीनने तिथे जे करायचं ते केलं. ‘खाली वाट’ होती, त्यामुळे सूट कोरडा राहिला. नवरदेव ओला झाला. परत आल्यावर मी हे शेवंताबाईंना सांगितलं तेव्हा त्या समाधानाने म्हणाल्या, “कपड्याची परीक्षा अशीच होते.”

मी यादीत ‘नितीनचा सूट’ पुढे खूण केली. शेवंताबाईंनी ती गाठ सोडली. दुसरी गाठ तशीच होती. नितीनच्या सुटावर टोपी मात्र त्यांनी शिवलीच नाही. “आधी त्याची पोचू द्या,” म्हणाल्या.

पुढच्या संक्रांतीला त्या अचानक आल्या. हातात पांढरं कापड, निळी पट्टी. नितीनच्या डोक्याभोवती बिनआकड्यांची सुतळी फिरवली, सुतळीला गाठ मारली आणि निघाल्या.

“टोपी कुणाला?”

“टुटूले. दोघं एकाच उमरीचे. याचं डोस्कं वाढलं, मंजे त्याचंही वाढाले पाह्यजे. जुनी टोपी आपल्यापाशी अडकली हाय, तं दरसाली मोठी शिवाची. टोपी वाढली का पोरगं वाढते. मंग भेटला का साऱ्या देऊन टाकू.”

मी हाडांविषयी पुन्हा सांगू लागले. त्या म्हणाल्या, “तुमचं चालू द्या, बाई. माझं बी चालू द्या. एकानं नाई वाढला तं दुसऱ्यानं वाढन.”

तेव्हापासून शेवंताबाईंचं मेलवर जाणं बदललं. फॅशन बघायचीच, पण आधी डब्याडब्यातून विचारायचं, “टुटू हाय का वो, टुटू?” प्रवासी हसायचे. तिकीट तपासनीस आमच्या ओळखीचा, तो चिडवायचा, “अवं शेवंता, कलकत्त्याच्या गल्लीगल्लीत टुटू हायत!”

“असतीन. माझा एकच हाय.”

एकदा खरंच उत्तर आलं. “हाँ, मैं टुटू. क्या बात है?” खिडकीत साठीचे एक गृहस्थ, टक्कल, जाड भिंगाचा चष्मा. बंगाल्यांमध्ये लाडाचं नाव म्हातारपणापर्यंत टिकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. शेवंताबाईंनी त्यांच्या डोक्याकडे निरखून पाहिलं, हातातली टोपी पाहिली आणि म्हणाल्या, “नाई वो, तुमची वाढ लय झाली.” तरी त्यांना मूठभर बोरं दिली, नावाचा मान म्हणून.

१९७९, ८०, ८१, ८२, ८३. दर संक्रांतीला सुतळी, दर संक्रांतीला टोपी. नितीनलाही ठाऊक होतं की, आपल्या डोक्यावर माप घेतात ते दुसऱ्याचं. एकदा त्याने वर्गात सांगितलं, “मी आणि टुटू मिळून वाढतो.” बाईंनी मला विचारलं, टुटू कोण. मी म्हटलं, नातेवाईक आहे. दुसरं काय सांगणार?

१९८३च्या टोपीची पट्टी थोडी वाकडी बसली. शेवंताबाईंनी ती दोनदा उसवली. सुईत दोरा ओवायला त्यांनी नितीनला बोलावलं, तेव्हा मी समजले. उन्हाळ्यात त्यांनी मशीन विकली आणि भाचीकडे आंबागडला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी आमच्याकडे जेवायला होत्या. सासूबाईंनी मुद्दाम चण्याची डाळ घालून दुधीची भाजी केली.

“कोनाचं माप शिजवलं, माय?” त्यांनी विचारलं. सासूबाई इतक्या हसल्या की, त्यांना ठसका लागला.

बसची वेळ झाली. शेवंताबाईंनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत टोप्या. सर्वांत खाली टुटूची स्वतःची, तिच्यावर आमच्या पाच. एकात एक बसवलेल्या. मग त्यांनी पदर पुढे घेतला. एकच गाठ उरली होती. पाच वर्षांत लुगडी बदलली असतील. ही गाठ त्या दर नव्या पदराला पुन्हा मारत आल्या होत्या. नखाने ती सुटेना, दातांनी सोडली.

“आता तुमी लिवून घ्या वहीत,” त्या म्हणाल्या. “एक साल राह्यलं हाय. एक टोपी अजून. मंग सात सरतीन, तो मानूस होईन, न् आपली जबाबदारी सरन. मधातच सोडलं तं सहाच वर्षांचा राहीन बिचारा.”

“लिहिते,” मी म्हटलं, आणि त्यांच्यादेखत लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी वाकून अक्षरं पाहिली.

“रेघ बराबर मारजा,” म्हणाल्या. “काम झाल्यावर. पयले नाई.”

पावसाळ्याच्या शेवटी भाचीचं पोस्टकार्ड आलं. ताप आला, चार दिवसांत गेल्या. खाली भाचीने लिहिलं होतं, ‘मावशीनं विचारायला सांगितलं होतं की मास्तरीनबाईनं कापड घेतलं काय.’

कापड घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत भंडाऱ्याहून, निळ्या पट्टीसकट. आज १० जानेवारी १९८४, मंगळवार; संक्रांत चार दिवसांवर आहे. सकाळी नितीनला समोर बसवलं. टेप टेबलाच्या खणात होती. मी खण उघडला आणि बंद केला. सुतळी घेतली.

हजर : मी, सासूबाई, नितीन (वय सहा वर्षं दहा महिने). आजची यादी : वह्या तपासणे, झालं. तीळ निवडणे, झालं. जाऊबाईंना पत्र, झालं. टोपीचं कापड कापणे, झालं. कातरण पुरचुंडीत बांधणे, झालं.

टोपी शिवणे, बाकी.

टोप्या सात, टुटूला पोचवणे, बाकी.